डायपर ओल्या कचऱ्यात टाकू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीत सकाळी कचऱ्याची गाडी येते तेव्हा रोज एक दृश्य दिसतं. भाजीच्या देठांच्या बादलीतून सफाई कामगार वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं हाताने बाहेर काढतो. कागद भिजून फाटलेला, आत बाळाचं डायपर. गाडीवर त्यासाठी वेगळा कप्पा असतो, तरी शिकल्यासवरलेल्या घरांतून हे होतं, याचं फार वाईट वाटतं.

डायपर कापसासारखं मऊ लागतं, पण त्याचे वरचे-खालचे थर प्लास्टिकचे असतात. मध्ये लगद्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाच्या रसायनाचे दाणे असतात. ते ओल शोषून भिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात आणि डायपर फाटलं की सगळीकडे पसरतात. आपल्या इंदूरच्या देवगुराडियाला 2022 साली रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. तिथे जाणाऱ्या कचऱ्यात हे मिसळून कसं चालेल? घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी डायपर गुंडाळून टाकायला पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. आमच्या घरी येणाऱ्या पाकिटात ती मला कधी दिसली नाही. दुकानदाराकडे आपण ती मागायलाच हवी.

डायपर वापरूच नका, असं मी म्हणत नाही. रात्रीची झोप, पुण्याचा प्रवास, आईची नोकरी, तिथे त्याची सोय मोठी आहे. पण दिवसभर घरात असलेल्या बाळाला दुपटी-लंगोट का नकोत? धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. युरोपातही डायपर म्हणजे आधी बारीक तिरक्या चौकटींच्या विणीचं कापडच होतं. त्याचे टेबलावरचे रुमाल होत, टॉवेल होत, पुढे बाळाचे लंगोट होऊ लागले. अशा विणीत धागे थोडे उचललेले असतात, म्हणून कापड पाणी चटकन टिपतं. लंगोटाचं कापड घेताना ते सुती आहे ना आणि वीण सैलसर आहे ना, एवढं जरूर पाहावं. नायलॉन मिसळलेलं चकचकीत कापड बाळाच्या अंगाला नको.

धुण्याचा त्रास खरा आहे. तो एकट्या बाळंतिणीच्या माथी मारला की ती डायपरकडेच वळणार, आणि त्यात तिचा काही दोष नाही. लंगोट बाबांनी धुवावेत, आजोबांनी दोरीवर घालावेत. उन्हात कडकडीत वाळलेला लंगोटच बाळाला बांधावा. बारशाला डायपरचे गठ्ठे नेण्याऐवजी जुन्या रीतीचा बाळंतविडा न्यावा: झबली, टोपडी, दुपटी आणि भरपूर लंगोट.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा काय करावं, लंगोट कसे निर्जंतुक करावेत, पुरळ उठल्यास काय पाहावं, यावर आपण शहरातल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक आजी, रामबाग, इंदूर