वैद्यकाकू, तुम्ही ‘नाही’ म्हणालात त्याबद्दलही

आदरणीय वैद्यकाकूंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही डोंबिवली सोडून संगमेश्वरकडे गावच्या घरी राहायला गेल्यापासून हे पत्र लिहायचं मनात आहे. फोनवर आभार मानायला घेतले की तुम्ही “जेवलीस का, झोप कशी आहे” म्हणून विषय बदलता. त्यामुळे आता लिहूनच टाकते, आणि तेही चारचौघांत. जो त्रास घेऊन मी तुमच्या दारात आले, तोच त्रास घेऊन जगणारी माणसं खूप आहेत आणि त्यातल्या अनेकांना कुणी वैद्यकाकू भेटलेली नाही. त्यांनीही हे वाचावं असं वाटतं.

मला तेव्हा सगळंच जास्त होत होतं. प्राथमिक शाळेतला वर्ग, मधल्या सुट्टीचा कल्लोळ, परतीच्या लोकलमध्ये घामाचे, गजऱ्याचे, तळणीचे वास एकमेकांत मिसळलेले. स्टाफरूममध्ये दोघींची वादावादी झाली की त्या दोघी चहा पिऊन मोकळ्या व्हायच्या आणि माझ्या पोटात रात्रीपर्यंत गोळा. वर्गातलं एखादं पोर घरून मार खाऊन आलं असेल तर ते बाकावर बसायच्या आत मला कळायचं, आणि मग दिवसभर ते माझ्या अंगावर राहायचं. गणपतीच्या मिरवणुकीचे ढोल छातीत वाजायचे. घरचे प्रेमानेच म्हणायचे, “किती मनाला लावून घेतेस!” पण मनाला लावून न घेण्याचं बटण कुठे असतं ते कुणी सांगत नव्हतं.

तुम्ही पहिल्या दिवशी एकही पुडी दिली नाहीत. तासभर विचारत बसलात. झोप किती वाजता मोडते, चहा किती, पाळी कशी, कुठला वास सहन होत नाही, कुठला हवासा वाटतो, सकाळी कुठली गोळी घेतेस. मग म्हणालात, “हा तुझा स्वभाव आहे, रोग नाही. त्याच्यावर औषध नाही आणि नसावंच. पण त्याने येणाऱ्या थकव्यावर, झोपेवर, पोटावर आपण काम करू.” पुढे तुम्हीच सांगितलंत की अमेरिकेतल्या एलेन आरॉन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 च्या दशकात अशा, म्हणजे अतिसंवेदनशील, माणसांचा अभ्यास केला, आणि त्यांच्या अंदाजाने शंभरातली पंधरा ते वीस माणसं अशी असतात. माझ्या वर्गात चाळीस मुलं. म्हणजे सहा-आठ जण तर माझ्यासारखेच असणार. त्या दिवसापासून मी वर्गाकडे वेगळ्या नजरेने बघते, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही चरकसंहितेतल्या तीन चिकित्सा समजावून सांगितल्यात तेही आठवतं. दैवव्यपाश्रय, म्हणजे श्रद्धा, जप, पूजा. युक्तिव्यपाश्रय, म्हणजे विचारपूर्वक दिलेला आहार आणि औषध. आणि सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितापासून आवरणं. “वनस्पती या तिघांपैकी एकीतच येतात. एका पायावर पाट उभा राहत नाही,” असं तुम्ही म्हणालात. मी जडीबुटी मागायला आले होते आणि तुम्ही मला दिनचर्या बदलायला लावलीत. शाळेतून आल्यावर अर्धा तास अंधाऱ्या खोलीत, कुणाशी न बोलता. तो अर्धा तास घरच्यांनी मान्य करावा म्हणून तुम्ही सासूबाईंशी स्वतः बोललात. त्या अजूनही त्या वेळात दारावरची बेल वाजू देत नाहीत.

वासांचं मात्र मला सविस्तर लिहायचंय. माझं नाक माझा सगळ्यात मोठा शत्रू होतं आणि तुम्ही उपचार त्याच्याच वाटेने केलात. वासाची वाट मेंदूतल्या भावनांच्या आणि आठवणींच्या भागांकडे इतर संवेदनांपेक्षा थेट जाते, म्हणून जे नाकाने बिघडतं ते नाकाने सावरताही येतं, असं तुमचं म्हणणं. आधी घरातल्या भडक सेंटच्या उदबत्त्या आणि रूम फ्रेशनर बंद करायला लावलेत. देवापुढे उदबत्ती नाही म्हणून मला चुटपुट लागली, तेव्हा निखाऱ्यावर चिमूटभर गुग्गुळ टाकून, खिडकी उघडी ठेवून, कसा धूप घालायचा ते दाखवलंत. धूर डोळ्यात जाईल इतका नाही, फक्त वास खोलीत फिरेल इतका. माठात वाळ्याची जुडी. उशाशी मरव्याची काडी. आणि पर्समध्ये ती सुती पोटली. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा सावलीत सुकवलेला, आणि त्यात वेखंडाचा छोटासा तुकडा. दवणा सुकल्यावरही वास सोडत नाही. ठाण्याला डब्यात माणसं घुसली की मी पोटली मुठीत धरते, नाकाशी नेते, आणि श्वास लांबवते. गर्दी तेवढीच असते, पण मी तिच्यात विरघळून जात नाही.

पोटली देताना तुम्ही बजावलंत, “वेखंड हुंगायचं, पोटात घ्यायचं नाही.” मी म्हटलं, लहानपणी बाळगुटीत उगाळून देतातच की! तेव्हा तुम्ही बीटा-असारोनबद्दल सांगितलंत. वेखंडातला हा घटक प्राण्यांवरच्या प्रयोगांत घातक ठरला आणि अमेरिकेने 1968 मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. आपल्याकडे वैद्य ते शुद्ध करून, मोजून वापरतात ते वेगळं. परंपरेवर इतकं प्रेम आणि तरीही तिला प्रश्न विचारायची इतकी तयारी मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

झोपेसाठी तुम्ही जे दिलंत ते तर माझ्या आजीच्या स्वयंपाकघरातलंच होतं. सहाणेवर दुधाचे दोन थेंब, त्यात जायफळाचे दोन-तीन वळसे, बोटाने निपटून कोमट दुधात. जास्त नाही, कारण जायफळ जास्त झालं तर धडधड होते, भ्रम होतो. आणि आठवड्यातून काही रात्री तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवायची. पहिल्यांदा वाटी फिरवली तेव्हा तळवे काळे झाले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “बघ, अंगातली उष्णता निघाली.” तुम्ही हसून म्हणालात, “तो काळेपणा तुपातल्या आम्लाचा आणि धातूचा. उष्णतेचा रंग कुणी पाहिलाय? पण पाय चोळल्यावर झोप लागते ना, मग चोळ.” काकू, हे वाक्य मी कितीतरी जणींना सांगितलंय. खोटं कारण न देताही खरा उपाय देता येतो, हे मी तुमच्याकडे पाहिलं.

गच्चीवरच्या तुमच्या दोन कुंड्या आता माझ्याकडे आहेत. एकीत मंडूकपर्णी, गोलसर, कडेला दातेरी पान, जमिनीवर पसरत जाणारी. दुसरीत नीरब्राह्मी, बारीक मांसल पानं आणि पांढरट जांभळी इवली फुलं. बाजारात दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकल्या जातात, म्हणून पान ओळखायला तुम्ही शिकवलंत. चरकाने जी चार मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनं सांगितली, त्यात मंडूकपर्णीचा स्वरस, म्हणजे ताजा रस, आहे, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधातून आहे, गुळवेलीचा स्वरस आहे आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा, आहे. मला तुम्ही मंडूकपर्णीची चार पानं दिलीत, तीही ओल्या खोबऱ्याच्या चटणीत. आईला मात्र ज्येष्ठमध द्यायला साफ मनाई केलीत, कारण तिला रक्तदाब आहे आणि ज्येष्ठमधाने तो वाढू शकतो. नीरब्राह्मीचं म्हणालात, “हिच्यावरचे अभ्यास बहुतेक 12 आठवड्यांचे आहेत. दोन दिवसांत फरक पडला असं कुणी सांगितलं तर तो फरक ब्राह्मीचा नाही.”

आता त्या ‘नाही’बद्दल, जिच्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे.

तेव्हा जो तो मला अश्वगंधा घे म्हणत होता. मैत्रीण, भाची, जिममधला मुलगा, सगळ्यांच्या फोनवर तिचीच जाहिरात. मी डबी घेऊनच तुमच्याकडे आले होते. तुम्ही ती बाजूला ठेवलीत. “तू थायरॉइडची गोळी घेतेस. अश्वगंधेने ते संप्रेरक वाढू शकतं. क्वचित कुणाच्या यकृतालाही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. औषध चांगलंच आहे, पण ते तुझं नाही.” डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली तेव्हा मी तुम्हाला बातमी वाचून दाखवली. तुम्हाला ती बंदीही पटली नाही. “एका माणसाला न चालणारं औषध सगळ्यांना बंद करणं हाही विचार नव्हे,” म्हणालात. तुमच्या बोलण्यात औषध कधी देव नव्हतं आणि कधी राक्षसही नव्हतं.

वनस्पती आहे म्हणजे अपाय नाही, असं मी एकदा बोलून गेले आणि तुम्ही सर्पगंधेची गोष्ट सांगितलीत. 1949 मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मांडलं आणि ही आपली मुळी जगभर गेली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. आणि मग ते घेणाऱ्या काही रुग्णांचं मन खोल उदास होऊ लागल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. मनावर ज्याचा परिणाम होतो, त्याचा दुष्परिणामही मनावर होऊ शकतो. माझ्यासारख्या, थोड्याशा गोष्टीनेही हलून जाणाऱ्या बाईला हे माहीत असणं किती गरजेचं होतं!

जटामांसीलाही तुम्ही नाही म्हणालात, पण कारण वेगळं होतं. ती हिमालयात तीन हजार ते पाच हजार मीटर उंचीवर वाढते, तिचं मूळच औषध, म्हणून ओढली की अख्खं झाड जातं. ती अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे आणि 1997 पासून तिचा देशोदेशींचा व्यापार ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावरच्या करारान्वये नियंत्रणाखाली आहे. “तुझी शांतता डोंगर उजाड करून यायला नको. आपल्या कुंडीत जे येतं त्यात भागव.” माझं मन दुसऱ्याच्या दुःखाने भरून येतं हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तुम्ही झाडाचंही दुःख मला सांगण्याजोगं मानलंत.

सगळ्यात मोठी ‘नाही’ माझ्या सहकारी बाईंसाठी होती. त्या नैराश्याच्या गोळ्या घेत होत्या आणि त्या सोडून ब्राह्मीवर यायचं म्हणून माझ्यासोबत आल्या. तुम्ही त्यांच्यासाठी एक पानही खुडलं नाहीत. गोळ्या सोडू नका, ज्यांनी दिल्या त्यांच्याशी बोला, असं चार वेळा सांगितलंत आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्यांच्या हातावर लिहून दिलात. त्या आज बऱ्या आहेत. त्यांनीही नमस्कार सांगितलाय.

देवाचं लिहायचं राहिलं. देवळातली घंटा, आरतीचे टाळ, गाभाऱ्यातली रेटारेटी मला सोसत नाही. मी भक्तीत कमी पडते असं मला कायम वाटे, आणि हे मी तुमच्याशिवाय कुणाजवळ बोलले नव्हते. तुम्ही स्वतः डोक्यावर तुळस घेऊन वारी केलेल्या. वाटलं, रागावाल. तुम्ही सावता माळ्यांचं नाव घेतलंत. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत असं सांगतात, आणि आजही आषाढ वद्यात विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून त्यांच्या अरणला जाते. “तू तुळशीला पाणी घाल. गुपचूप घाल. मंजिऱ्या खुड, माती मोकळी कर, पानाला बोट लावून वास घे. तेवढ्यात जप झाला.” मी तसंच करते. दिवेलागणीला तुळशीपाशी बसल्यावर दिवसभराची माणसं एकेक करून अंगावरून उतरतात. कुणाचं दुःख तिथेच देवाला सांगून ठेवते. ते माझं नव्हतं, माझ्याकडे आलं होतं, एवढं कळलं तरी झोप लागते.

आता लोक मला विचारतात, काय घेतेस ते आम्हालाही सांग. मी पोटली शिवून देते, वाटी कशी फिरवायची ते दाखवते, तुळशीचं रोप देते. पोटात घ्यायचं काही सांगत नाही. ते तुम्ही माझी नाडी, माझी गोळी, माझी झोप बघून दिलं होतं. त्यांना म्हणते, शिकलेल्या वैद्याकडे जा आणि आधी चालू असलेली सगळी औषधं त्यांच्यापुढे ठेवा.

यंदा मंडूकपर्णी कुंडीबाहेर पसरलीय. दिवाळीच्या सुट्टीत येताना तिची काही रोपं तुमच्या परसात लावायला आणते. वाफा ओला करून ठेवा. आणि काकू, त्या वेळी आभार मानले की विषय बदलायचा नाही.

आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरची शाळेतली बाई