पक्या, स्क्रीन आपोआप वर जात नाही

पुणे,
रविवार रात्र

प्रिय पक्या,

दिवाळीत फोन करतो म्हणालो होतो. दिवाळी गेली, पाडवाही गेला. शिव्या भेटल्यावर घाल. बीपीची गोळी सुरू झालीये, बाकी तब्येत बरी.

पत्राचं कारण कॉन्ट्रा, आपला तो लहानपणचा व्हिडिओ गेम. हसू नकोस, पुढे वाच.

कोनामीने २०१९ साली जुन्या कॉन्ट्रांचा एक संच काढला होता, तो सईने तिच्या स्विचवर (हातात धरायच्या गेमच्या मशीनवर) घेतलाय. आज म्हणाली, "मामा, दोघं खेळू." जंगल झालं, पहिला बेस झाला, धबधबा आला. पोरगी टणाटण उड्या मारत वर गेली आणि मध्येच थांबली. काय झालं विचारलं, तर म्हणते, "तुम्ही खाली राहिलात ना. मी अजून वर गेले तर स्क्रीन वर सरकेल आणि तुम्ही मराल."

मी म्हटलं, हलू नकोस. दोघंही उभे राहिलो. स्क्रीन तसूभर सरकली नाही.

आता आठव तो मे महिना. नानांसमोर, काकूंसमोर मी देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं की स्क्रीन आपोआप वर जाते, त्यात माझा काय दोष! बंड्याने साक्ष दिली. (त्याला माझी बॅट हवी होती, दोन दिवस वापरली त्याने.) तू एकटाच ओरडत होतास, हा मुद्दाम चढतो. चढतच होतो रे. वर कुठे 'एस' (ती पसरणाऱ्या गोळ्यांची बंदूक) असला तर तो तुझ्याआधी मला मिळावा, एवढंच डोक्यात. तुझा माणूस खालच्या कडेला गचकायचा आणि मी मागे बघायचोही नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. आज फक्त एका नऊ वर्षांच्या मुलीने मला पकडलं.

दुसरं त्याहून वाईट. तुझ्या दादरच्या मावसभावाकडच्या कॉन्ट्रात झाडं हलतात, बर्फ पडतो, असं तू सांगितलंस तेव्हा आख्ख्या वाड्याने तुला थापाड्या ठरवलं. पुढाकार माझा. तर पक्या, झाडं हलतात. जपानच्या फॅमिकॉम या घरगुती गेमच्या मशीनवर १९८८ साली आलेल्या कॉन्ट्रात पहिल्या जंगलातली झाडं वाऱ्याने डुलतात, पुढे बर्फही पडतो, आणि दोन लेव्हलच्या मध्ये नकाशा येतो. जपानी कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची जादा चिप होती. अमेरिकेतल्या कॅसेटमध्ये ती नव्हती, म्हणून तिथे झाडं गप्प. माझ्याकडची कॅसेट त्या अमेरिकन गेमची नक्कल, मावसभावाकडची जपानीची असणार. एवढ्यावरून तू पंधरा दिवस गच्चीवर आला नव्हतास.

बरं, आपण व्हिएतनाम समजून ज्यांना गोळ्या घातल्या, ते मूळ जपानी कथेत २६३३ साल निघालं, न्यूझीलंडजवळची बेटं! युरोपात तर माणसंच काढून रोबो बसवले होते, नाव प्रोबोटेक्टर. बंड्याला सांगू नकोस, तो अजून रॅम्बो म्हणतो.

संचात १९८७ चं, नाणं टाकून खेळायचं मूळ मशीनवालं कॉन्ट्राही आहे. स्क्रीन उभी, बेसमध्ये घड्याळ उलटं पळतं, आणि तीस लाइफची ट्रिक तिथे नाही. पाच मिनिटांत माझा निकाल लागला. तू कंपासपेटीच्या झाकणात करकटकाने कोरलेली ती वर-वर-खाली-खाली बटणांची ट्रिक ज्याने आणली, तो हाशिमोतो कोनामीतलाच. १९८६ मध्ये ग्रेडियस हा दुसरा गेम घरच्या मशीनवर आणताना तपासायला बसला, आणि त्याला स्वतःलाच तो झेपेना! मग ही युक्ती घातली. म्हणजे आपण एकटेच ढ नव्हतो.

पण माझ्या डोक्यातून धबधबा जात नाही. तू नंतर माझ्याबरोबर खेळायचास तेव्हा धबधबा आला की रिमोट बंड्याकडे द्यायचास. 'हात दुखतो' म्हणायचास. ते हात दुखणं होतं का रे? आणि पुढे दुकानाच्या वेळी तू भागीदारीला नाही म्हणालास, तेव्हाही हात दुखणंच होतं का? खरं सांग. मी रागावणार नाही. बहुतेक.

तुझ्या घराच्या स्लॅबचं कुठवर आलं? वहिनींना नमस्कार, ओमला बारावीबद्दल काही विचारत नाही म्हणून सांग. काकूंच्या गुडघ्याचं कळव.

मे महिन्यात ये. सईला सांगून ठेवलंय, दोन रिमोट लागतील. धबधब्याला तू पुढे चढ, मी खाली थांबतो.

तुझा,
बाळ्या

ता.क. बॅटचा हँडल बंड्यानेच मोडला होता. तुझं नाव मी सांगितलं होतं.