नवा कॉम्प्रेसर घेण्याआधी हवेची गळती मोजा

महोदय,

वीज महाग आहे ही विदर्भातल्या उद्योजकांची तक्रार खरी आहे. शेजारच्या छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातल्या दरांशी तुलना होत असल्यामुळे ती जास्तच टोचते. पण दर आपल्या हातात नाहीत. जे हातात आहे, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या दाबाखालच्या हवेची गळती, त्याकडे मात्र नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगणा औद्योगिक वसाहतींतल्या कित्येक शेडमध्ये कुणी ढुंकूनही पाहत नाही. एप्रिल लागला की हवा पुरेनाशी होते, प्रेशर पडते, मशीन ट्रिप होते आणि नव्या कॉम्प्रेसरचे (हवा दाबून पुरवणाऱ्या मशीनचे) कोटेशन मागवले जाते. त्याआधी एका सुटीच्या दिवशी तासभर घड्याळ लावून बसावे, एवढेच आमचे म्हणणे.

उत्पादनाची सगळी यंत्रे बंद करा, पण त्यांच्याकडे जाणारे हवेचे व्हॉल्व्ह उघडेच ठेवा. नाहीतर यंत्राच्या आतली गळती हिशेबात येत नाही. एकच कॉम्प्रेसर चालू ठेवा. प्रेशर भरले की तो अनलोड होईल (मोटर फिरते, पण हवा देणे थांबते) आणि हवा कुठेच वापरात नसताना काही वेळाने पुन्हा लोड घेईल, म्हणजे हवा भरू लागेल. ही हवा निव्वळ गळतीत जाते. आठ-दहा फेऱ्यांचा लोड व अनलोड वेळ लिहून सरासरी काढा. लोडच्या वेळेला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागून शंभराने गुणले की गळतीची टक्केवारी मिळते. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हच्या) मशीनवर हा हिशेब चालत नाही, कारण ते वेग कमी करून चालतच राहते. चाचणीला साधे, ठरावीक वेगाचे मशीनच वापरावे.

समजा १०० एचपीचा, ४५० सीएफएमचा (मिनिटाला ४५० घनफूट हवा देणारा) स्क्रू कॉम्प्रेसर २ मिनिटे लोड आणि ४ मिनिटे अनलोड चालला. गळती ३३ टक्के, म्हणजे १५० सीएफएम. नीट सांभाळलेल्या लाइनीत ती १० टक्क्यांच्या आत राहते. तेवढ्यावर आणली तर सुमारे १२ किलोवॅट वाचतात. चोवीस तास, वर्षाला ३०० दिवस आणि युनिटला ९ रुपये धरले तर हे पावणेआठ ते आठ लाख रुपये होतात.

आकडा याहून मोठा का नाही, हेही समजून घ्यावे. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर हवा देत नसला तरी पूर्ण लोडच्या २५ ते ४० टक्के वीज खातोच. गळती बुजवूनही दोन मशीन आळीपाळीने अनलोडवर घुमत राहिली तर बिलात फारसा फरक दिसत नाही आणि मालक म्हणतो, 'ऑडिट करून काय मिळाले?' एक मशीन बंद करायला हवे. ते जमत नसेल तर ऑटो-स्टॉपची वेळ (किती वेळ अनलोडवर राहिल्यावर मोटर आपोआप थांबते ती) कमी करावी, मात्र मोटरला तासाला जितके स्टार्ट चालतात त्या मर्यादेत. उच्चदाब ग्राहकांचे बिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरही हिशेबात धरणाऱ्या एककावर निघते. अनलोड मोटरचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) घसरतो, तोही त्यात लागतो.

मुख्य पाइपात गळती क्वचितच असते. ती असते यंत्राजवळच्या शेवटच्या दहा फुटांत: एफआरएलचा (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा) बाऊल, झिजलेला क्विक कपलर, होज क्लिप, सिलिंडरचे सील. पीयू (पॉलीयुरेथेन) ट्यूब ब्लेडने तिरकी कापून पुश फिटिंगमध्ये कोंबली की ओ-रिंग तिला सगळीकडून धरत नाही. खराब झालेले टोक कटरने काटकोनात कापून पुन्हा बसवले की फुकटात काम होते. डाळ मिलवाल्यांनी बॅग फिल्टरच्या पल्स व्हॉल्व्हचे (हवेच्या झटक्याने पिशव्यांवरची धूळ झाडणाऱ्या व्हॉल्व्हचे) डायफ्राम आधी पाहावेत. ७ बार दाबाला ३ मिमीचे एक भोक सुमारे ३ किलोवॅट खाते.

गळतीनंतर प्रेशर. लांबच्या यंत्राला हवा कमी पडते म्हणून सेटिंग ८ बारवर नेलेले असते. खरे कारण बहुधा चोंदलेला लाइन फिल्टर किंवा बारीक होज असते. फिल्टरच्या आधी आणि नंतर गेज लावले की चोर सापडतो. मग सेटिंग एका वेळी ०.२ बारने उतरवा आणि एक दिवस थांबून पाहा. १ बार उतरला की वीज ६ ते १० टक्के वाचते आणि उरलेली गळतीही घटते.

आता नागपूरचा उन्हाळा. आत येणारी हवा ४ अंशांनी तापली की विजेचा खर्च सुमारे १ टक्का वाढतो. कॉम्प्रेसरच्या कूलरची गरम हवा खोलीतच कोंडत असेल तर तिला डक्ट लावून बाहेर काढणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय. कूलरच्या जाळीतली धूळ आणि डाळीचा भुसा हवेच्या झोताने उलट दिशेने काढावा. खोलीत डेझर्ट कूलर लावण्याची टूम चांगली आहे, पण त्याने हवेतला ओलावा वाढतो आणि हवेतला ओलावा काढणाऱ्या ड्रायरवरचा भार पावसाळ्यासारखा होतो. पाण्याचे तुषार कॉम्प्रेसरच्या सक्शनमध्ये (हवा आत घेणाऱ्या तोंडात) जाता कामा नयेत.

टायमर ड्रेनकडे (ठरावीक वेळाने उघडून साठलेले पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडे) तर कुणाचेच लक्ष नसते. ऑगस्टच्या दमट हवेत ५०० सीएफएमच्या मशीनमागे रिसीव्हरपर्यंत (हवा साठवणाऱ्या टाकीपर्यंत) तासाला १२-१५ लिटर पाणी सुटते. मे महिन्यात हवा इतकी कोरडी आणि आफ्टरकूलरमधून (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागातून) निघणारी हवा इतकी गरम असते, की रिसीव्हरमध्ये पाणी जवळजवळ साठतच नाही. ते पुढे ड्रायरमध्ये सुटते. तरी पावसाळ्यात लावलेला टायमर तसाच चालतो आणि दर काही मिनिटांनी नुसती हवा सोडतो. निदान रिसीव्हरच्या ड्रेनची वेळ ऋतूप्रमाणे बदलावी; जमल्यास पातळी पाहून उघडणारा, हवा न घालवणारा ड्रेन बसवावा. पाणी येते म्हणून ड्रेनचा बॉल व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवणे मात्र आजच बंद करावे.

चालू शिफ्टमध्ये, मशीनच्या गोंगाटात गळती शोधायला अल्ट्रासॉनिक (कानाला न ऐकू येणारा गळतीचा आवाज टिपणारे) यंत्र लागते. छोट्या कारखान्याला ते एकट्यासाठी घेणे परवडत नाही. हिंगणा आणि बुटीबोरीच्या उद्योजक संघटनांनी प्रत्येकी एक यंत्र घेऊन सभासदांना दिवसाच्या भाड्याने द्यावे. पुढच्या उन्हाळ्याच्या आत हे सहज होण्यासारखे आहे.

— ऊर्जा लेखापरीक्षण क्षेत्रातील काही अभियंते, नागपूर