छताला लागलेला चेंडू बाद नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावर जागतिक रॅकेटबॉल स्पर्धेतल्या महिला एकेरीला अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. क्रिकेट आणि कुस्तीपलीकडच्या खेळाला खान्देश आवृत्तीत एवढी जागा मिळाली हेच नवल. पण त्याच अर्ध्या पानात ‘चेंडू चक्क छताला लागूनही पंचांनी रॅली थांबवली नाही, त्यामुळे पंचांच्या भूमिकेवर प्रश्नचिन्ह’ असे वाक्य आहे. ते कोणी लिहिले ते माहीत नाही, कोणी तपासले तेही माहीत नाही. ते प्रश्नचिन्ह आपल्या क्रीडा टेबलाच्या दारावर टांगून ठेवावे, ही विनंती.

रॅकेटबॉलमध्ये चार भिंती आणि छत, सगळेच खेळात असते. मारलेला चेंडू जमिनीला लागायच्या आत समोरच्या भिंतीला पोचला की झाले. वाटेत तो बाजूच्या भिंतीला, मागच्या भिंतीला किंवा छताला लागला तरी रॅली चालूच. छत आडवे येते ते फक्त सर्व्हिसला. सर्व्हिस आधी समोरच्या भिंतीवर जायला हवी आणि तिचा पहिला टप्पा शॉर्ट लाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मधोमध आखलेल्या आडव्या रेघेच्या, मागे पडायला हवा. मध्ये फार तर एका बाजूची भिंत चालते. दोन्ही बाजूंना लागली, टप्प्याआधी थेट मागच्या भिंतीवर गेली किंवा छताला लागली तर फॉल्ट. बातमीदाराने सर्व्हिसचा नियम रॅलीला लावला आणि बिचाऱ्या पंचाला पक्षपाती ठरवून टाकले.

ज्या फटक्यावरून एवढा गहजब केलात, तो सीलिंग बॉल महिला एकेरीचा कणा आहे. समोरच्या भिंतीपासून दोन ते पाच फुटांच्या पट्ट्यात चेंडू छतावर मारायचा. तिथून तो समोरच्या भिंतीवर येतो, खाली टप्पा घेऊन खांद्याच्याही वर उसळतो आणि मागच्या कोपऱ्यात उतरतो. उजव्या हाताच्या खेळाडूला तो डाव्या कोपऱ्यात देतात, म्हणजे तिला बॅकहँडने आणि तोही खांद्याच्या उंचीवर घ्यावा लागतो. कोर्टाची लांबी ४० फूट. पस्तीस फुटांवरून, एवढ्या उंच चेंडूचा किल, म्हणजे समोरच्या भिंतीच्या अगदी तळाशी बसणारा फटका, काढणे जवळजवळ अशक्य, म्हणून तीही परत छतच धरते. असे चार-पाच सीलिंग बॉल लागोपाठ झाले की बघणाऱ्याला वाटते दोघी वेळ काढताहेत. खरी चढाओढ तिथेच चाललेली असते. जोर किंचित जास्त पडला तर चेंडू मागच्या भिंतीवरून परत बाहेर येतो आणि समोरचीला कमरेखाली आयता मिळतो. जोर कमी पडला तर तो अर्ध्या कोर्टात मरतो. बाजूच्या भिंतीला घासला तर दिशा मोडून मध्यभागी येतो. या तीनपैकी एक चूक झाली की पुढचा फटका जमिनीपासून काही इंचांवर बसतो आणि चेंडू न उसळता घरंगळत परत येतो. यालाच रोलआऊट म्हणतात आणि त्याला उत्तर नसते.

आता छायाचित्राबद्दल. त्यात समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी आहे, वर तांबडी रेघ आहे, खेळाडूच्या हातात लांब दांड्याची रॅकेट आहे आणि डोळ्यांवर गॉगल नाही. हा स्क्वॉश आहे, साहेब. रॅकेटबॉलला ही तळाची पट्टी, म्हणजे टिन, नसते, म्हणून तर रोलआऊट शक्य होतो. रॅकेट जास्तीत जास्त २२ इंच लांब असते, स्क्वॉशची २७. रॅकेटची दोरी मनगटात अडकवावीच लागते आणि डोळ्यांचे संरक्षण सक्तीचे असते. सव्वादोन इंची चेंडू छोट्या खोलीत कोणत्या वेगाने फिरतो हे ज्याला ठाऊक आहे, तो ही सक्ती का असे विचारणार नाही. वांग्याच्या भरताच्या लेखाशेजारी भरल्या वांग्यांचा फोटो छापला असता, तर जळगावच्या वाचकांनी कार्यालयाला घेराव घातला असता. इथे कोणाला कळत नाही, म्हणून खपले.

‘सलग तीन जगज्जेतेपदे मिळवणारी पहिलीच महिला’ हेही चूक. मेक्सिकोच्या पाओला लोंगोरियाने २०१२, २०१४ आणि २०१६ मध्ये एकेरी जिंकली हे खरे, पण अमेरिकेच्या शेरिल गुडिनास यांनी २०००, २००२ आणि २००४ मध्ये हेच केले होते. लोंगोरियाचे खरे अजब काम दुसरेच आहे. २०११ ते २०१४ या काळात व्यावसायिक दौऱ्यावर तिने सलग १५२ सामने जिंकले. त्याचा लेखात उल्लेखही नाही. उलट २०१८ ला कोस्टा रिकातल्या सान होसेमध्ये तिला हरवणारी ग्वाटेमालाची आना गॅब्रिएला मार्टिनेझ आपण ‘अनोळखी’ करून टाकली. ती आपल्याला अनोळखी असेल. कनिष्ठ गटातली जगज्जेतेपदे जिंकून ती वर आली होती, आणि तिच्या देशाला एकेरीचे पहिले विश्वविजेतेपद तिनेच दिले.

‘वेळेअभावी तिसरा गेम अकरा गुणांचाच खेळवला’ या वाक्यावर मात्र हसावे की रडावे कळेना. जुन्या पद्धतीत पहिले दोन गेम १५ चे आणि १-१ झाले की टायब्रेकर ११ चा. सर्व्हिस करणारीलाच गुण मिळे, दोन गुणांच्या फरकाची अट नव्हती, १५-१४ नेही गेम संपे. अलीकडे जागतिक महासंघाने प्रत्येक रॅलीला गुण, ११ चे गेम, पाचपैकी तीन आणि दोन गुणांचे अंतर अशी पद्धत घेतली आहे. दोन्हींत अकरा आहेत आणि घड्याळाचा संबंध कोणत्याच अकराशी नाही.

विषय निघालाच आहे तर त्याच अंकातल्या पान तीनबद्दलही लिहितो. आपल्या भागात एका ठिकाणी ‘स्क्वॉश व रॅकेटबॉलसाठी एकच अद्ययावत कोर्ट’ होणार अशी बातमी आहे. मापे दिली आहेत ३२ बाय २१ फूट, वर पत्र्याचे छप्पर आणि ‘खेळाडूंच्या सोयीसाठी छताला चार पंखे’. बातमीदाराला यात काहीच खटकले नाही? ही मापे स्क्वॉशची आहेत. रॅकेटबॉलला लांबी ४०, रुंदी २० आणि उंची २० फूट लागते, मागची भिंत किमान १२ फूट. इंग्लंडमधल्या प्रकाराचा, म्हणजे स्क्वॉश ५७ चा, कमी उसळणारा चेंडू त्या कोर्टात चालेल; रॅकेटबॉलचा चालणार नाही. पंख्यांवर सीलिंग बॉल कसा मारायचा, तेही निविदेत लिहून ठेवावे. छत सपाट, टणक आणि भिंतींइतकेच मजबूत हवे. दिवे आणि हवेच्या जाळ्या आत बसवलेल्या. पीओपीचे फॉल्स सीलिंग केले तर पहिल्याच आठवड्यात त्याचे तुकडे खाली येतील, आणि तोवर प्रत्येक चेंडू तिथे थप्प करून मरेल. भिंतीचा गिलावा जिथे पोकळ वाजतो तिथेही चेंडू असाच मरतो, म्हणून ताबा घेण्याआधी सगळी भिंत ठोकून बघावी. दार भिंतीशी एकसंध आणि कडी आत बुडवलेली पाहिजे. लाकडी जमिनीला कडेने फट सोडली नाही तर पावसाळ्यात फळ्या फुगून उचलतात.

आणि तापमान. रॅकेटबॉलचा चेंडू तपासतात तो २१ ते २३ अंश सेल्सिअसला: १०० इंचांवरून सोडला की ६८ ते ७२ इंच उसळला पाहिजे. (स्क्वॉशचा दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू त्याच तापमानात, तेवढ्याच उंचीवरून जेमतेम फूटभर उसळतो.) मे महिन्यात भुसावळला पत्र्याखाली ४५ अंशांत हा चेंडू काय करील? प्रत्येक सीलिंग बॉल मागच्या भिंतीवरून परत येईल, म्हणजे बचावाचा मुख्य फटकाच खेळातून गेला. जुलैत भिंतीला ओल धरली की चेंडू उसळण्याऐवजी सरकतो, तो प्रकार वेगळा. वातानुकूलन आणि ओल शोषण्याची सोय नसेल तर त्या खोलीत स्क्वॉशच खेळावा आणि फलकावरही स्क्वॉशच लिहावे.

पंचांच्या वाक्याबद्दल खुलासा छापावा. पान आठवर कोपऱ्यात नको, जिथे आरोप छापला तिथेच.

आपला,
एक नियमित वाचक, अमळनेर

ता. क. : सामन्यांच्या निकालाच्या चौकटीच्या शेवटच्या दोन ओळी सराफाच्या जाहिरातीखाली गेल्या आहेत. सोन्याचा भाव मात्र दोनदा छापलाय, आणि दोन्हीकडे वेगवेगळा.