जुनी आत्मचरित्रे वाचनीयच

माननीय संपादक,
जुनी मराठी आत्मचरित्रे आता वाचवत नाहीत, असे अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांत पुष्कळदा कानी पडते. मला ते मान्य नाही. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणींत घरातल्या बायकांचा शिकण्याला असलेला विरोध आणि पतीचा शिकण्याविषयीचा आग्रह, या दोन्हींमध्ये झालेली कोंडी इतक्या साध्या शब्दांत येते की वाचक कुठे अडखळत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर समोर बसून सांगितल्यासारखी आहेत. वडिलांचे सोवळ्याचे वेड सांगताना त्या ना कढ काढतात, ना निवाडा देतात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे अनुस्वार पहिली काही पाने खटकतात, एवढेच.

नव्यांत दया पवार यांचे, दगडू हे त्यांचेच जुने रूप आणि आजचे दया पवार यांच्या संवादातून उलगडणारे ‘बलुतं’ (१९७८) आजही खाली ठेववत नाही. मात्र अलीकडच्या अनेक शब्दांकित आत्मकथनांत पुरस्कार, परदेशवाऱ्या आणि मान्यवरांच्या भेटी यांचीच जंत्री असते, वाक्ये छोटी आणि भाषा आजची असूनही माणूस काही भेटत नाही, आणि अशी पुस्तके मी तरी निम्म्यावरच मिटतो.

प्रकाशकांना कळकळीची विनंती आहे की, जुन्या आत्मचरित्रांच्या नव्या आवृत्त्या काढताना मूळ मजकुराला हात न लावता नात्यांचा तक्ता, कालपट आणि अपरिचित चालीरीतींवरील टिपा द्याव्यात.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे