गावठाण फीडर दोन होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वीज कंपनीतल्या पुनर्रचनेवर, म्हणजे शाखा आणि विभाग एकत्र करण्यावर, कालच्या अंकात जे छापून आलंय ते सकाळी वाचलं, दुपारी परत वाचलं, रात्री झोप लागेना म्हणून आज लिहायला बसलो. "कर्मचाऱ्यांना बदल नकोच असतो, सवयीची जागा सोडवत नाही" असं एक वाक्य आहे त्यात. ते वाक्य मला लागलं. एकतीस वर्षं लाईनवर काढलीत मी. कुठल्या कंपनीत आणि कुठल्या तालुक्यात ते लिहीत नाही, कारण मुलगा अजून नोकरीत आहे.

मागचं सगळं उगाळत नाही, वाचकांना माहितीये. पण लेखात संपांबद्दल जे आलंय ते नीट करून घ्या. ४ जानेवारी २०२३ चा संप समांतर परवान्याच्या, म्हणजे त्याच भागात खासगी कंपनीलाही वीज वाटू देण्याच्या विरोधात होता आणि तो त्याच दिवशी मागेही घेतला गेला. पुनर्रचनेचा मुद्दा होता तो ९ ऑक्टोबर २०२५ च्या संपात. दोन्ही एकाच दावणीला बांधून "ऊठसूट संप" असं लिहिणं बरोबर नाही. ६ जून २००५ ला वीज मंडळाची फोड होऊन निर्मिती, पारेषण, वितरणाच्या कंपन्या झाल्या तेव्हाही माणसं घाबरलेली होती, आपली सीनियॉरिटी कुठं लागणार, बदली कुठं होणार, घरी तेच बोलणं. त्याला हट्ट म्हणत नाहीत हो, पोटाची काळजी म्हणतात.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो. बरीच वर्षं झाली. शेजारच्या दोन शाखा एक केल्या. कागदावर सोपं होतं, इकडची इतकी गावं, तिकडची तितकी, माणसं सगळी एका यादीत आणि ड्युटी पाळीपाळीनं. दुसऱ्या शाखेत एक जुने लाईनमन होते, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. कुठल्या डीपीला (म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला) कुणाच्या रानातून जावं लागतं, ओढ्यापलीकडच्या एबी स्विचचं, म्हणजे लाईन तोडायच्या खांबावरच्या स्विचचं हँडल ओढलं तरी मधलं ब्लेड चिकटून राहतं म्हणून वर बॅटरी मारून बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही, लाईट गेली की मेन स्विच न पाडताच जनरेटर कोण चालू करतो आणि त्याची वीज उलटी बंद लाईनीत येते, हे सगळं तात्यांच्या डोक्यात. कुठल्याच रजिस्टरला त्याची नोंद नव्हती. एकत्रीकरणात तात्या आमच्या जुन्या हद्दीत आले, मी त्यांच्या हद्दीत गेलो. तात्या म्हणाले होते, मला फक्त दोन दिवस द्या, गाडीवर मागं बसवून याला सगळ्या लाईनी दाखवतो. वरून उत्तर आलं, आजच रुजू व्हा.

आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला. रात्री साडेअकराला फोन, बाभळीची फांदी तारांवर पडलीय, गाव अंधारात. मी आणि एक कंत्राटी पोरगा, तेवीस वर्षांचा, दोघं गेलो. एकाच खांबावर वर अकरा केव्ही, म्हणजे डीपीकडे येणारी जास्त दाबाची लाईन, आणि खाली एलटी, म्हणजे डीपीतून घरांकडे जाणारी कमी दाबाची, फांदी एलटीवर अडकलेली, म्हणजे वरची लाईन बंद केल्याशिवाय चढायचंच नाही. मी सबस्टेशनला फोन लावला. शाखा एक झाली तरी सबस्टेशनं दोनच होती आणि दोन्हीकडे एकेक गावठाण फीडर, म्हणजे सबस्टेशनातून गावाकडे निघणारी अकरा केव्हीची लाईन, नाव तेच. चौदा वर्षांच्या सवयीनं माझा हात जुन्याच सबस्टेशनच्या नंबरवर गेला. ऑपरेटर ओळखीचा, त्यानं विचारलं "गावठाण ना?" मी म्हटलं "हो, गावठाण." त्यानं त्याचा फीडर बंद केला, परमिट, म्हणजे लाईन बंद आहे, काम करा या परवानगीचा नंबर दिला, मी डायरीत वेळेसकट लिहून घेतला. कागदाला सगळं बरोबर होतं.

पोरानं शिडी लावली, दोनतीन पायऱ्या चढलाही. बांधावर एक म्हातारी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आरं, डीपी तर आजून घुमतीया की."

मी कान दिला. घुमत होती. एलटीच्या फ्यूज उडाल्या म्हणून गावात लाईट नव्हती, पण वरची अकरा केव्ही जिवंत होती. डीपीचा तो घूंSS आवाज मी हजारदा ऐकलाय, त्या रात्री मला ऐकूच आला नाही कारण माझ्या डोक्यात फीडर बंद होता. मी पोराला कमरेच्या पट्ट्याला धरून खाली ओढला. तो चिखलात बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. मग योग्य सबस्टेशनला फोन, पहिलं परमिट परत, नवीन परमिट, तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवायचा डिस्चार्ज रॉड लावला आणि मग काम. तोवर पहाटेचे तीन, आणि वीस किलोमीटरवरचं दुसरं गाव विनाकारण अंधारात बसलेलं.

आठ दिवसांनी मला मेमो आला, पुरवठा सुरळीत करण्यास विलंब केल्याबद्दल. तो मेमो अजून माझ्या ट्रंकेत आहे. मी लेखी उत्तर दिलं, नंबर चुकला ही माझी चूक, पण एका शाखेत दोन फीडरना एकच नाव ठेवू नका, खांबांवर फीडरचं नाव रंगवून द्या, आणि तात्यांना दोन दिवस तरी परत पाठवा. त्या उत्तराला उत्तर आलं नाही. लाल ऑईलपेंटचा डबा आणि ब्रश मी माझ्या पैशानं आणला, दोन रविवार खांबावर नावं घातली.

म्हणून सांगतो, शाखा आणि विभाग एकत्र करायचे तर करा, पण जुन्या माणसाच्या डोक्यातलं आधी नव्याला दाखवू द्या की. काल तुमचा लेख वाचून मुलाचा फोन आला, अण्णा, नवीन यादीत माझं नाव कुठं जाईल, पोरगी दहावीला आहे, घराचे हप्ते चालू आहेत. मी म्हटलं ते सगळं बघू, पण जिथं टाकतील तिथल्या जुन्या लाईनमनला आधी गाठ, चहा पाज, आणि दिवसाउजेडी सगळ्या लाईनी फिरून घे, सुट्टी टाकावी लागली तरी चालेल. त्यानं स्वतःची सुट्टी खर्चून हे करावं लागतंय याचं मला वाईट वाटतं.

अजून एक, लिहायला घेतलंच आहे तर. लाईनवर माणूस गेला की तुमच्याकडे आतल्या पानावर दोन ओळी येतात, "विजेचा शॉक लागून कंत्राटी कामगाराचा मृत्यू". परमिट कोणी घेतलं होतं, कुठल्या फीडरचं घेतलं होतं, त्या हद्दीत त्या माणसाचा कितवा दिवस होता, यातलं काही कधीच येत नाही. तुमच्या वार्ताहराला एवढं विचारायला सांगा. पुढच्या बातमीपासूनच सांगा.

आणि हे पत्र न कापता छापावं ही विनंती, मागच्या वेळी स्ट्रीटलाईटच्या पत्रातला निम्मा मजकूर गाळला होता.

आपला,
एक निवृत्त लाईनमन