देवखोलीतली कावी राखणाऱ्या मेस्त्रीकाकांना

आदरणीय मेस्त्रीकाका,
साष्टांग नमस्कार.

पहिल्याच दिवशी तुम्ही रंगाचे डबे परत पाठवायला लावलेत, त्याबद्दल आधी आभार. हे पत्र उघड लिहितो आहोत, कारण गोव्यात आणि सिंधुदुर्गात जुन्या घरांतल्या कावीवर, म्हणजे भिंतीवरच्या लाल-पांढऱ्या चुन्याच्या नक्षीवर, अजून ब्रश फिरतो आहे. कावी रंगवायची नसते. पांढऱ्या चुन्यावरचा लाल थर ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा असतो.

तुम्ही बोटाने ठोकत भिंत तपासलीत, पोकळ वाजेल तिथे खडूने खूण केलीत. नक्षीतल्या मोराशेजारचे सिमेंटचे ठिगळ मधून कडेकडे, हलक्या हाताने काढलेत. भिंतीच्या चिऱ्यात चढलेली ओल चुन्यातून सुटते, सिमेंटमधून सुटत नाही. मग ती कडेच्या जुन्या चुन्यातून वाट काढते, तिथे लोणा (क्षार) धरतो आणि चांगली नक्षीच पीठ होऊन गळते. मोराचे पाय गेले ते असेच.

शिंपल्यांचा चुना, धुतलेली नदीची वाळू आणि गुळाचे पाणी दोन आठवडे मुरवून तुम्ही ते कुटून घेतलेत. खाजणाकडची खारट वाळू घेऊ दिली नाहीत. गिलाव्याआधी भिंत भिजवलीत, नाहीतर ती पाणी शोषते आणि नवा थर तडकतो. काव, म्हणजे थराला रंग देणारी लाल माती, ओली असताना गडद दिसते, म्हणून नमुने वाळवून मगच छटा ठरवलीत.

लाल थर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. बोटाचा ठसा उमटावा पण बोटाला लाल लागू नये, ही तुमची खूण. त्याआधी कोरले तर लाल पांढऱ्यात फासते, उशीर झाला तर रेघेची कड टवके होऊन उडते. म्हणूनच दिवसात कोरून होईल तेवढीच भिंत लिंपलीत आणि सांधा वेलबुट्टीच्या काठावर घेतलात. गोट्याने घोटल्यावर कित्येक दिवस पाणी शिंपडत राहिलात. ओल असेपर्यंतच हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला पुन्हा दगड करतो आणि रंग त्यात अडकतो. यात घाई केली असती तर लाल हाताला लागले असते.

सर्वांत मोठे आभार मात्र न केलेल्या कामाचे. मोराचे पाय कसे होते याचा पुरावा नव्हता, म्हणून तिथे तुम्ही नुसता लाल थर ठेवलात.

समई भिंतीपासून दूर सरकवली आहे. ओले फडके भिंतीला लावत नाही. उरलेला नुसता चुना माठात, पाण्याखाली झाकून ठेवला आहे. तुम्ही याल तेव्हा तो तयार असेल.

आपले,
घरातील सर्वजण